डोंगराची सूचना

पुण्याच्या सदाशिव पेठेत राहणाऱ्या माणसाने हिमालयातल्या बर्फावर बोलावे, ह्याचे कोणालाही नवल वाटेल. आमच्या पेठेत बर्फ दिसतो तो उन्हाळ्यात, गोळेवाल्याच्या गाडीवर. थंडी म्हणाल तर पारा आठ-दहा अंशांवर उतरला की आम्ही मफलर गुंडाळून अमृततुल्याच्या दुकानात कोंडाळे करून बसतो. पण जरा विचार केला तर विषय इतका परका नाही. ज्यांच्या नावाने ही पेठ ओळखली जाते ते सदाशिवरावभाऊ १७६० साली उत्तरेत गेले आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर पडले. त्या लढाईआधीच उपासमार आणि उत्तरेतली कडाक्याची थंडी ह्या दोन शत्रूंनी मराठी सैन्य पोखरून काढले होते. उत्तरेचा हिवाळा हा काय प्रकार आहे, ह्याचा मराठी माणसाला झालेला तो एक फार महागडा परिचय.

त्यानंतरही मराठी माणूस उत्तरेच्या पहाडांत जातच राहिला. यात्रेकरू म्हणून गेला, शिपाई म्हणून गेला, आणि अलीकडच्या काळात गिर्यारोहक म्हणून गेला. ह्या तिघांनाही तिथे एकच शत्रू भेटतो. त्याला आपण हिमप्रपात म्हणू. डोंगराच्या उतारावर साठलेला बर्फ एकाएकी सुटतो आणि खाली जे असेल ते गाडून टाकतो, तो हिमप्रपात. त्याची ओळख माणसाला कशी होत गेली, त्यासाठी काय किंमत मोजावी लागली, आणि आपल्या सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्या गावकऱ्याला त्यातून काय घेता येईल, हे आज पाहावयाचे आहे.

प्रथम हा प्रकार होतो कसा ते समजून घेऊ. खळ्यावर ज्वारीची रास घालताना तुम्ही पाहिले असेल. दाणे ओतत जावे तशी रास उंच होते, पण तिची बाजू एका ठरावीक चढापलीकडे उभी राहत नाही. आणखी ओतले की दाणे घरंगळून खाली येतात. बर्फाचेही काहीसे असेच. फार उभ्या कड्यावर बर्फ साठतच नाही. पडेल तसा तो थोडा थोडा झडून जातो. अगदी सपाटीवर तो पडून राहतो. धोका असतो तो मधल्या उतारावर. साधारणपणे ३० ते ४५ अंशांचा उतार हा हिमप्रपाताचा उतार समजतात. गंमत अशी की चढायला बरा, न फार उभा न फार आडवा, असा जो उतार माणसाच्या डोळ्यांना वाटतो तोही नेमका हाच.

पण ज्वारीची रास आणि बर्फाचा थर ह्यांत एक मोठा फरक आहे. रास एकाच धान्याची असते. बर्फ मात्र थरांनी साठतो. डिसेंबरात एक थर पडतो, मग आठ दिवस ऊन आणि कडक थंडी, मग दुसरा थर, मग वारा, मग तिसरा. प्रत्येक थराचा स्वभाव वेगळा. त्यातला सर्वांत कपटी थर तळाशी तयार होतो. हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फ पातळ असतो. जमिनीत ऊब शिल्लक असते आणि वर आकाश अतिशय थंड. अशा वेळी बर्फातली वाफ खालून वर सरकत राहते आणि तळाच्या कणांचे रूप बदलते. ते जाड्या साखरेसारखे मोकळे, एकमेकांना न धरणारे होतात. पुढे ह्या साखरेवर दोन-तीन फूट घट्ट बर्फ बसला की काय स्थिती झाली? उतरत्या फळीवर साखर पसरून तिच्यावर फरशीची लादी ठेवावी तशी. लादी स्थिर दिसते. तिच्यावर एखाद्या माणसाचे पाऊल पडले, किंवा आणखी हातभर बर्फ पडला, की खालची साखर दबते, लादीला तडा जातो आणि सबंध उतार एकदम चालू लागतो.

वाऱ्याचाही ह्यात मोठा हात असतो. खळ्यावर उफणणी करताना भूस कोठे जाऊन पडते? वारा जिकडून येतो तिकडे नव्हे, तर पलीकडच्या बाजूला. डोंगरावर वारा नेमके हेच करतो. एका अंगाचा बर्फ उडवून शिखराच्या पलीकडे, आडोशाच्या बाजूला नेऊन रचतो. थकलेला माणूस वाऱ्यापासून आडोसा म्हणून ज्या बाजूला वळतो, त्याच बाजूला वाऱ्याने ओझे लादलेले असते.

एकदा सुटलेला कोरडा बर्फ ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने खाली येऊ शकतो, आणि मोठे प्रपात ह्याच्या दुपटीनेही धावतात. तो थांबला की कापसासारखा राहत नाही. धावताना कण घासून बारीक होतात आणि थांबताच एकमेकांत घट्ट रुतून बसतात. ताज्या बर्फाचा एक घनमीटर साधारण शंभर किलो किंवा त्याहूनही हलका भरतो. थांबलेल्या प्रपाताचा तेवढाच ढीग तीन-चारशे किलोंचा असतो. आत सापडलेल्या माणसाला बोटही हलवता येत नाही. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेली बहुतेक माणसे वाचतात. अर्धा तास उलटला की वाचणारे थोडे. म्हणून बर्फात जाणारे जाणते लोक अंगावर छोटे रेडिओ-यंत्र बांधतात, सोबत लांब सळई आणि फावडे बाळगतात. बाहेरून मदत येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते. जे करायचे ते जवळच्या सोबत्यानेच करायचे.

शिक्षक मंडळींनी मुलांना आणखी एक गोष्ट जरूर सांगावी. मोठ्याने ओरडल्यामुळे बर्फाचा कडा कोसळतो, असे सिनेमात दाखवतात. ते खरे नव्हे. माणसाच्या आवाजात तेवढी ताकद नसते. माणसाच्या वजनात मात्र असते. बर्फावर फिरायला आणि चढायला जाणाऱ्यांपैकी जे प्रपातात सापडतात, त्यांतल्या बहुतेकांचा प्रपात त्यांच्या स्वतःच्या किंवा सोबत्याच्या पावलाने सुटलेला असतो.

हे सारे ज्ञान आज आपण पुस्तकात वाचतो. पण पुस्तके नव्हती तेव्हा पहाडातली माणसे काय करीत होती? त्यांनी हे ज्ञान पंचांगात घालून ठेवले होते. केदारनाथाचे मंदिर समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरांहून अधिक उंचीवर आहे. त्याची दारे दरवर्षी भाऊबिजेला बंद होतात. आपल्याकडे बहीण भावाला ओवाळते त्या दिवशी तिथे देवाची पालखी निघते आणि खाली उखीमठाला येते. सारा हिवाळा पूजा तिथेच. दारे पुन्हा केव्हा उघडायची तो दिवस महाशिवरात्रीला सांगतात आणि उन्हाळा लागल्यावर देव वर जातो. बद्रीनाथाचेही तसेच. दार मिटण्याचा मुहूर्त विजयादशमीला ठरतो, उघडण्याचा वसंतपंचमीला. मंदिराभोवतालची माणसेही देवाबरोबर खाली येतात. नीती आणि माणा खोऱ्यांतली गावेच्या गावे गुरेढोरे घेऊन हिवाळ्यात खालच्या गावांत उतरत आली आहेत.

आपल्या अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात केदार-बद्रीच्या वाटेवर यात्रेकरूंसाठी सोयी केल्या, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्या सोयी उन्हाळ्याच्या यात्रेसाठी होत्या. हिवाळ्यात तिथे राहण्याचा हट्ट कोणी धरला नाही. जिथे देवसुद्धा हिवाळ्यात थांबत नाही तिथे माणसाने थांबू नये, ही समजूत श्रद्धेची खरी, पण तिच्यात शेकडो वर्षांचा अनुभव साठवला होता. ‘३० अंशांचा उतार’ हे शब्द ठाऊक नसतानाही ती माणसे वाचत होती.

इथे आपल्या मराठी मुलांची एक अडचण सांगितली पाहिजे. आपल्याकडे हिवाळा हाच डोंगर चढण्याचा हंगाम. दिवाळी झाली की सदाशिव पेठेतली पोरे पाठीला पिशव्या लावून सिंहगड, राजगड, तोरणा करीत सुटतात. हवा स्वच्छ, कातळ कोरडा, पायाखालचा दगड विश्वासाचा. धोक्याचा काळ तो पावसाळ्याचा: निसरडे, धुके, आणि दरडी. हिमालयाच्या उंच भागात हे पंचांग पालटते. डिसेंबर ते मार्च हा पश्चिम हिमालयात बर्फ पडण्याचा मुख्य काळ. शिखरांवर त्या दिवसांत वारे इतके प्रचंड असतात की माणूस उभा राहू शकत नाही. पावसाळ्यात पूर्वेकडच्या शिखरांवर पुन्हा ताजा बर्फ. म्हणून एव्हरेस्टवर जाणारे बहुतेक लोक मे महिन्याची वाट पाहतात. त्या सुमारास वरचे वारे शिखरावरून सरकतात आणि मोसमी पाऊस अजून पोचलेला नसतो. त्या चार-दोन दिवसांच्या फटीतून वर जाऊन खाली यायचे. भर हिवाळ्यात एव्हरेस्टवर माणूस प्रथम पोचला तो १७ फेब्रुवारी १९८० रोजी, दोन पोलिश गिर्यारोहकांच्या रूपाने. के-टू ह्या शिखरावर तर तसे व्हायला १६ जानेवारी २०२१ उजाडावे लागले. ते काम दहा नेपाळी गिर्यारोहकांनी केले. सह्याद्रीत शिकलेला पाय हिमालयात उपयोगी पडतो, पण सह्याद्रीत शिकलेले पंचांग मात्र तिथे घरी ठेवून जावे लागते.

गिर्यारोहकांनी हे पंचांग फार मोठी किंमत देऊन शिकून घेतले. १८९५ साली ममरी नावाचा नामांकित इंग्रज गिर्यारोहक नंगा पर्वतावर रघुवीर थापा आणि गोमनसिंग ह्या दोन गुरखा सोबत्यांसह गेला आणि तिघेही परतले नाहीत. त्यांना हिमप्रपाताने नेले असावे असे मानतात. १९२२ साली ब्रिटिश मोहीम एव्हरेस्टच्या उत्तर बाजूला होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात पावसाळा येऊन पोचला, भरपूर ताजा बर्फ पडला. हवा उघडताच, ७ जूनला, मॅलरी आणि त्यांचे सोबती ओझेवाल्यांना घेऊन खिंडीच्या उतारावर चढू लागले. उतार सुटला. साहेब वाचले, ओझी वाहणारे सात जण गेले. पुढे १९३७ साली नंगा पर्वतावर जर्मन मोहिमेची छावणी रात्री झोपेतच गाडली गेली. त्यात सात गिर्यारोहक आणि नऊ शेर्पा, असे सोळा जण गेले.

ह्या तीन गोष्टींतून तीन धडे निघतात. ताजा बर्फ पडल्यावर हवा उघडली म्हणजे डोंगर उघडला असे नव्हे. उलट उघडीप पडल्यावरचे पहिले एक-दोन दिवसच अधिक वाईट. तंबू कोठे ठोकायचा हे चढण्याइतकेच महत्त्वाचे. आणि तिसरा धडा इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये असा आहे. जोखीम घेण्याचा निर्णय एकाचा असतो आणि जीव पुष्कळदा दुसऱ्याचा जातो. १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रवाहात बर्फाचा कडा कोसळून सोळा जण गेले. ते सगळे नेपाळी कामगार होते, दुसऱ्यांसाठी वाट बांधणारे.

आपल्या देशात ही विद्या रीतसर शिकवण्याची सोय स्वातंत्र्यानंतर झाली. दार्जिलिंगची संस्था १९५४ साली निघाली आणि उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ साली. महाराष्ट्रातल्या मुलांनी तिथे जाऊन शिक्षण घेतले, आणि सह्याद्रीच्या कातळावर वाढलेली ही मुले बर्फावर उभी राहू लागली. १९९८ साली पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले. पुण्यात १९८२ साली स्थापन झालेल्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेची मोहीम उमेश झिरपे ह्यांच्या नेतृत्वाखाली २०१२ साली एव्हरेस्टवर आणि २०१९ साली कांचनगंगेवर यशस्वी झाली. वर्तमानपत्रांत शिखरावरचे झेंडे छापून येतात. पण अशा मोहिमांत खरे दिवस जातात ते खाली, तंबूत, हवामानाचा अंदाज ऐकत थांबण्यात. मध्यरात्री निघायचे, थंडीने बर्फ घट्ट असतो तोवर चढायचे, आणि ऊन बर्फाला सैल करण्याआधी धोक्याच्या उतारावरून बाहेर पडायचे, हा तिथला शिरस्ता. ठरलेल्या वेळेपर्यंत शिखर आले नाही तर परत फिरायचे. परत फिरलेल्या माणसाची मिरवणूक निघत नाही, पण तोच माणूस पुढच्या वर्षी पुन्हा चढायला जिवंत असतो.

शिकलेल्या माणसालाही डोंगर सवलत देत नाही, हेही सांगायला हवे. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा ह्या शिखराजवळ उत्तरकाशीच्या त्याच संस्थेचे प्रशिक्षक आणि विद्यार्थी हिमप्रपातात सापडले. सत्तावीस मृतदेह मिळाले, दोघे तेव्हा सापडले नाहीत. विद्या माणसाचा धोका कमी करते. नाहीसा करीत नाही.

यात्रेकरू पंचांग पाळू शकतो, गिर्यारोहक परत फिरू शकतो. शिपायाला मात्र ही मुभा नसते. १३ एप्रिल १९८४ पासून आपले सैन्य सियाचेन हिमनदीवर बारा महिने पहारा देत आहे. जिथून पूर्वी हिवाळ्यात देवसुद्धा खाली उतरत असे, त्याहूनही कितीतरी अधिक उंचीवर ही माणसे जानेवारी-फेब्रुवारी काढतात. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सोनम चौकीवर, सुमारे १९,६०० फुटांवर, बर्फाची प्रचंड भिंत कोसळली आणि मद्रास रेजिमेंटचे दहा जण गाडले गेले. त्या दहांतला शुश्रूषेचे काम करणारा एक जवान आपल्या सातारा जिल्ह्यातला होता. माण तालुक्यासारख्या दुष्काळी मुलखात, जिथे पाऊसही मोजून पडतो, तिथल्या घरात बर्फाखाली मुलगा गेल्याची बातमी यावी, ह्याला काय म्हणावे? धारवाड जिल्ह्यातले लान्स नायक हणमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले आणि ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या रुग्णालयात वारले.

ह्या शिपायांसाठी आणि सीमेवरच्या रस्त्यांसाठी बर्फाचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणे भाग पडले. १९६९ साली संरक्षण संशोधन खात्याने मनाली येथे हिम आणि हिमप्रपात अभ्यासाची संस्था काढली. २०२० साली ती चंदीगडच्या भू-माहिती संशोधन संस्थेत विलीन झाली आणि काम पुढे चालू राहिले. काम कसे चालते? डोंगरावर ठिकठिकाणी खुणेच्या काठ्या रोवून बर्फाची उंची मोजतात. जागोजागी खड्डा खणून थर पाहतात, विहीर खणताना आपण मुरूम कोठे लागला, मांजऱ्या कोठे लागला ते पाहतो तसे. तळाशी साखर आहे का? वरची लादी किती जाड आहे? वारा कोणीकडचा होता? ह्यावरून धोक्याची पायरी ठरवून पुढच्या एक-दोन दिवसांची सूचना काढतात. काही ठिकाणी रस्त्यावर भक्कम छप्परे बांधतात, म्हणजे बर्फ वरून निघून जातो. काही ठिकाणी तोफा डागून किंवा सुरुंग लावून लहान प्रपात मुद्दाम पाडतात, म्हणजे मोठा साठत नाही.

आता पुण्याचा आणि ह्या बर्फाचा संबंध सांगतो, आणि तो आपल्या शेतकऱ्यांच्या जिव्हाळ्याचा आहे. पुण्यात शिवाजीनगरला ‘सिमला ऑफिस’ नावाचा चौक आहे. सिमल्याचे कसले ऑफिस पुण्यात, असा प्रश्न नवख्याला पडतो. हिंदुस्थानच्या हवामान खात्याची कचेरी १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आली, त्याची ही आठवण. मुख्यालय पुढे दिल्लीला गेले, पण पुण्यातले काम आणि नाव टिकून आहे. हे खाते १८७५ साली निघाले. लगेच १८७६ ते ७८ चा भयंकर दुष्काळ दख्खनेवर कोसळला, आणि पाऊस येणार की नाही हे आधी सांगता येईल का, असा प्रश्न सरकारपुढे उभा राहिला. खात्याचे प्रमुख ब्लॅनफर्ड ह्यांनी उत्तर शोधले ते हिमालयाच्या बर्फात. हिवाळ्यात आणि वसंतात बर्फ फार पडला तर सूर्याची उष्णता तो वितळवण्यातच खर्ची पडते, जमीन उशिरा तापते आणि मोसमी वारे दुबळे होतात, असा विचार त्यांनी १८८४ साली मांडला. १८८६ पासून पावसाचे अंदाज नियमाने निघू लागले. शंभर वर्षांनी, १९८८ साली, डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा घटकांवरून पावसाचा अंदाज करण्याची पद्धत बसवली, तेव्हा त्या सोळांतही हिमालयाचा बर्फ होता. पुढे ही पद्धत बदलली. बर्फ आणि पाऊस ह्यांचे नाते ब्लॅनफर्डना वाटले तितके सरळ नाही, हेही कळून आले. पण सह्याद्रीच्या शेतकऱ्याचे भवितव्य समजण्यासाठी माणसांनी हिमालयाचा बर्फ मोजायला सुरुवात केली, हा इतिहास मोठा बोलका आहे.

आणखी एक धागा आहे. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून पश्चिमी झंझावात येतात. हिमालयावर बर्फ टाकणारे ते हेच. त्यांचा एखादा फाटा दक्षिणेकडे झुकला आणि त्याला बंगालच्या उपसागराकडचा दमट वारा मिळाला की आपल्याकडे गारपीट होते. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गहू, हरभरा, द्राक्षे झोडपून निघाली, ती आठवण अनेकांच्या मनात असेल. वर काश्मिरात रस्ता बंद झाल्याची बातमी आणि इथे शेतात पडलेली गार, ही पुष्कळदा एकाच घरची भावंडे असतात.

आणि त्याच वर्षाने आपल्याला आणखी एक गोष्ट दाखवली. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर आला. १५१ माणसे गेली. नेहमीच्या फेरीला आलेल्या एस.टी. चालकाला गावच दिसेना, आणि त्याच्यामुळे बातमी बाहेर पडली. त्यानंतर २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यात तळिये, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी. तिथे बर्फ नव्हता, चिखल होता. पण न्याय तोच. मध्यम उतार, खालचा कच्चा थर, वरचे वाढलेले ओझे, आणि शेवटी एक निमित्त. बर्फात खालचा थर साखरेचा असतो. आपल्याकडे कातळावर बसलेल्या मुरूम-मातीत पाणी शिरते आणि तिचा धर सुटतो. बर्फात ओझे ताज्या हिमाचे. आपल्याकडे दोन-तीन दिवसांच्या सलग मुसळधार पावसाचे. उतार खोदून, झाडे काढून, पाण्याच्या वाटा बुजवून आपण त्या ओझ्याला हातभार लावतो तो वेगळाच.

आणि दोन्ही ठिकाणी डोंगर पुष्कळदा आधी सूचना देतो. बर्फावर पाऊल टाकताच खालून ‘धप्प’ असा दबका आवाज येतो, पायापासून तडे पळत जातात, शेजारच्या उतारावर लहान प्रपात पडलेला दिसतो. आपल्याकडे उताराला भेगा पडतात, झाडे आणि खांब कलतात, घराची दारे एकाएकी अडकू लागतात, नेहमीचा स्वच्छ झरा गढूळ होतो किंवा नव्याच ठिकाणी पाणी फुटते, वरून लहान दगड घरंगळतात. ही सूचना नेहमीच मिळेल असे नाही, आणि रात्रीच्या अंधारात तर ती दिसतही नाही. म्हणूनच केदारनाथच्या लोकांनी सूचनेची वाट पाहिली नाही. ठरलेल्या दिवशी ते खाली आले. डोंगरउतारावरच्या वाड्यांनी अतिवृष्टीच्या इशाऱ्याच्या चार रात्री शाळेत किंवा देवळात, सपाटीवरच्या सुरक्षित जागी काढायच्या, असा गावाचाच शिरस्ता का पडू नये? भेग दिसली तर वाद न घालता त्याच घटकेला निघायचे, आणि तलाठ्याला, तहसीलदाराला कळवायचे. पाऊस चार दिवसांत ओसरला आणि काहीच झाले नाही, तर ‘उगाच निघालो’ असे म्हणू नये. देवाची पालखी दरवर्षी उखीमठाला येते. ज्या वर्षी मंदिरापाशी प्रपात पडला नाही, त्या वर्षी ती उगाच आली असे कोणी म्हणत नाही.

शेवटी शिक्षकांसाठी एक प्रयोग सांगतो. एक फूटभर रुंदीची फळी घ्या. तिच्यावर ओलसर फडके ताणून बसवा, म्हणजे पृष्ठभाग गुळगुळीत राहणार नाही. त्यावर जाड्या साखरेचा पातळ थर पसरा आणि वर चाळणीने गव्हाचे पीठ चाळून दोन बोटे जाडीचा थर हलक्या हाताने दाबून बसवा. आता फळीचे एक टोक हळूहळू उचला, आणि कंपासपेटीतल्या कोनमापकाने कोन मोजत जा. पीठ सुटेल तो कोन फळ्यावर लिहा. दुसऱ्यांदा साखर न घालता करा, तिसऱ्यांदा पिठावर आणखी पीठ घालून करा. मग फळी सुटण्याच्या बेताला आणून एका मुलाला वर बोट टेकवायला सांगा. तिन्ही वेळचे कोन मुलांनी स्वतः मोजलेले असले म्हणजे थर, ओझे आणि निमित्त हे शब्द पाठ करून घ्यावे लागणार नाहीत.

त्यानंतर मुलांना घेऊन शाळेबाहेर या. गावावरचा डोंगर दाखवा. कोणता उतार कसा आहे, पाणी कोठून उतरते, भेग कोठे आहे का, आणि गावातली सपाट, सुरक्षित जागा कोणती, हे त्यांच्याकडून वहीत उतरवून घ्या. ती वही जूनच्या पहिल्या आठवड्यात ग्रामपंचायतीत वाचून दाखवा.